कढी असेल तरच पहिली

दारव्ह्याच्या चंद्रशेखर गावंड्यांना देवाने सगळं दिलं होतं, फक्त स्वस्थ बसणं द्यायचं तेवढं राहून गेलं होतं. ते कचेरीत वरिष्ठ लिपिक होते, तिथे हे खपून जायचं (एक माणूस अस्वस्थ असला की बाकीच्यांना निवांत बसता येतं). पंचाईत व्हायची ती सुट्टीच्या दिवशी. न गळणारा नळ ते पान्ह्याने आवळत, मग तो गळू लागे, आणि प्लंबर येईपर्यंत ते त्याच्याखालची बादली सारखी सरळ करत. भिंतीवरचं बरोबर चालणारं घड्याळ त्यांनी एकदा उघडून आतून पुसलं, तेव्हापासून त्या घरात वेळ मोबाइलवर बघतात. सुचित्रा, म्हणजे त्यांची बायको, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळीच पान्हा-पक्कड ज्वारीच्या कोठीत पुरून ठेवायची.

अशा माणसाने एका सकाळी पेपर वाचता वाचता एक फोन करायचं ठरवलं. फोनच तर करायचा होता. पण पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ तो फोन.

पेपरात बातमी होती की यवतमाळला आधुनिक मराठी नाटकांच्या पहिल्या आवृत्त्यांचं प्रदर्शन भरणार आहे. अवधूत बोधनकर नावाचे नागपूरचे संग्राहक ते भरवणार होते. ज्यांच्या घरी अशी पुस्तकं असतील त्यांनी कळवावं, खात्री पटली तर पुस्तक काचेच्या पेटीत मांडलं जाईल आणि खाली मालकाचं नाव छापून लावलं जाईल, असं त्यात म्हटलं होतं.

चंद्रशेखररावांना एकदम सासरे आठवले. सासरे म्हणजे बाभुळगावचे नाना, निवृत्त मास्तर, वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी त्यांना नाटकाचं वेड होतं. गणपतीत सगळीकडे हसवणारी नाटकं चालायची तेव्हा या गृहस्थाने 'मधल्या दाराची कडी' नावाचं आधुनिक नाटक बाभुळगावात बसवलं होतं. त्या नाटकात मधलं दार शेवटपर्यंत उघडतच नाही. तिसऱ्या अंकात प्रेक्षकांतले दोघे-चौघे चिडून स्टेजवर चढले आणि स्वतःच दार उघडून खाली येऊन बसले. नाना अजून सांगतात, "गावात आधुनिक रंगभूमी आली, अन् लोकायनं तिले दार उघडून देल्लं!"

पण नानांच्या वाट्याला एवढंच कौतुक आलं. पोस्टरवर त्यांचं नाव नेहमी सगळ्यात खाली, आणि पोस्टर डकवणारा नेमकी खालची बाजू दुमडायचा. आता शेवटी शेवटी काचेखाली छापलेलं नाव यावं, ही त्यांची एवढीशी इच्छा. ती त्यांनी बोलून दाखवली नाही. पण जावयाने फोन करून बातमी वाचून दाखवली तेव्हा त्यांनी ती पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावली.

"नाना, तुमचं नाव लावूनच दाखवतो," चंद्रशेखरराव म्हणाले. "पुस्तक फक्त माझ्याकडे द्या. तुमच्याकडे उंदीर आहेत. माझ्याकडे लोखंडी कपाट आहे."

नाना पुस्तक घेऊन स्वतः आले. उपरण्यात गुंडाळलेलं ते पुस्तक त्यांनी सोडलं, मुखपृष्ठावरून हळूच हात फिरवला, डोळे मिटले, आणि जावयाच्या ओंजळीत ठेवलं.

"जावईबुवा, हे फक्त ठेवा. काई करू नका."

"छे छे, मी काय करणार?"

"हे मी तुमाले विचारून नाई राह्यलो, सांगून राह्यलो. काई करू नका."

चंद्रशेखररावांनी पुस्तक लोखंडी कपाटात ठेवलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. त्या किल्लीने त्यांचा जीव घेतला. कचेरीत बसले की ती टोचायची. पुस्तक ठीक असेल ना? कसर लागली नसेल ना? रोज घरी आले की बूट काढायच्या आधी कपाट उघडून बघायचे. सुचित्रा म्हणायची, "अंडी उबवून राह्यले काय?"

त्यांनी बोधनकरांना कळवलं, आणि बोधनकर रविवारी दुपारी पुस्तक बघायला येणार असं ठरलं. नानाही बाभुळगावहून येणार होते. आणि आदला दिवस शनिवार, सुट्टीचा. पान्हा कोठीत, पक्कड कोठीत. चंद्रशेखररावांनी पेपर वाचला, पेपराची घडी घातली, घडी मोडून पुन्हा नीट घातली, आणि मग कपाट उघडलं. नुसतं बघायला.

नुसतं बघता बघता त्यांनी वाचायला घेतलं. पहिला अंक काहीच कळला नाही (आधुनिक नाटक असल्याची ती खूणच होती). दुसऱ्या अंकात नायक बाहेरून घाबरून आत येतो, बाप मागे लागलेला असतो, आणि नायिका त्याला करारी आवाजात सांगते, "आधी कढी लाव, मग बोल!"

चंद्रशेखरराव थांबले. पुन्हा वाचलं. कढी. मागे बाप लागलेला असताना कढी कोण लावील, आणि लावील ती कशाला? मग त्यांच्या लक्षात आलं की हे 'कडी'चं 'कढी' झालंय. छापखान्याचा गाढवपणा! एवढ्या मोठ्या नाटकात, ऐन प्रसंगी, ही चूक. आणि उद्या हे काचेत मांडणार, खाली नानांचं नाव, आणि जमलेले लोक म्हणणार की बाभुळगावच्या मास्तरांना शुद्धलेखनाची साधी चाड नाही?

माणूस आयुष्यभर लिपिक राहिला की चुकीचं अक्षर त्याला डोळ्यातल्या कुसळासारखं खुपतं. चंद्रशेखररावांनी ड्रॉवरमधून व्हाइटनर काढला, श्वास रोखून त्या 'ढ'वर एक ठिपका दिला, फुंकर मारून वाळवला, आणि काळ्या पेनाने वर सुबक 'ड' काढला. अक्षर असं जमलं की छापखान्याने लाजावं. ते खुर्चीला टेकले. कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं.

या बऱ्या वाटण्याच्या भरात त्यांनी बोधनकरांना पुन्हा फोन लावला.

"साहेब, उद्या येताय ना? पहिलीच आहे बरं का. दुसरी आम्ही घरात ठेवतच नाही."

स्वयंपाकघरात सुचित्राचं लाटणं थांबलं.

"जुनी झाली आहे आता, नाही म्हणत नाही. पाठ सुटलीय थोडी. पण आतून अजून छान आहे. सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या ओंजळीत दिली."

सुचित्रा लाटणं घेऊनच बाहेर आली. "कोनाची पाठ सुटली?"

"पुस्तकाची गं!" त्यांनी फोनवर हात ठेवून सांगितलं. ती तशीच उभी राहिली. खात्री करून घेतल्याशिवाय जाणाऱ्यातली ती नव्हती.

"पण ती पहिलीच आहे हे तुम्ही कशावरून म्हणता?" फोनमधून बोधनकरांनी विचारलं.

"आत छापलंय ना साहेब. 'पहिली आवृत्ती'. स्पष्ट."

"त्यावर जाऊ नका. प्रकाशक आळशी होता. दुसरी छापताना त्याने ते पान बदललंच नाही. दुसरीतही 'पहिली आवृत्ती'च छापलंय."

"अरे बापरे. मग?"

"दुसरीत सुरुवातीला पहिल्या प्रयोगातल्या नटांची यादी आहे. पहिलीत ती नाही, कारण पुस्तक आधी निघालं आणि प्रयोग मागून झाला."

"आमच्यात यादी नाही!" चंद्रशेखरराव जवळजवळ ओरडले.

"उत्तम. पण लोक ते यादीचं पान फाडूनही आणतात. त्यामुळे खरी खूण एकच, गावंडेसाहेब. कढी."

चंद्रशेखररावांनी समोरच्या व्हाइटनरच्या बाटलीकडे बघितलं.

"दुसऱ्या अंकात 'कडी लाव' असं आहे ना, तिथे पहिल्या आवृत्तीत चुकून 'कढी' छापलं गेलं. दुसरीत त्यांनी ते सुधारलं. आमच्या धंद्यात असंच असतं. चूक असेल तीच पहिली. सुधारली की किंमत गेली."

"म्हणजे... कढी असायलाच पाहिजे?"

"असायलाच पाहिजे."

"आणि समजा कढी नसली तर?"

"कढी नसेल तर मी येऊन करू काय? कढी असेल तरच येतो. आहे ना?"

"आहे आहे," चंद्रशेखरराव म्हणाले. "कढी आहे. तुम्ही या फक्त."

फोन ठेवून त्यांनी पुस्तक पुन्हा उघडलं. सुचित्राला फोनची एकच बाजू ऐकू आली होती. पाठीबद्दल तिचं समाधान झालं होतं, पण आता थोडा रागच आला होता.

"कसा मानूस हाय हा? कढी असन तरच येतो म्हंते? लोकाच्या घरी जेवाले येतानी असं सांगते काय कोनी?"

चंद्रशेखररावांना तिचं बोलणं ऐकूही गेलं नाही. "हो," एवढंच ते म्हणाले.

"नागपूरचे सारे असेच. बरं, करतो कढीगोळे. तुरीची डाय भिजू घालतो." आणि ती आत गेली.

मग चंद्रशेखरराव कामाला लागले. आधी त्यांनी कापसाने व्हाइटनर पुसून बघितला. तो हलला नाही. मग नखाने बघितलं. मग त्यांना आपली हुकमी विद्या आठवली. ब्लेडच्या कोपऱ्याने अक्षर खरवडण्यात त्यांचा हात धरणारं सबंध कचेरीत कुणी नव्हतं. साहेबांनी रागात मारलेला शेरासुद्धा त्यांनी असा उडवला होता की साहेबांनाच वाटलं आपण रागावलोच नव्हतो. पण कचेरीचा कागद म्हणजे म्हशीचं कातडं, आणि हा कागद म्हणजे भाजलेला पापड. व्हाइटनर निघाला. त्याच्याबरोबर 'ड' निघाला, त्याखालचा 'ढ' निघाला, आणि त्याखालचा कागदही निघाला.

'क' आणि वेलांटी यांच्यामध्ये एक सुबक चौकोनी भोक पडलं. त्या भोकातून पुढच्या पानावरचं एक अक्षर डोकावत होतं. ते होतं 'म'.

"आधी कमी लाव, मग बोल!" नायिका आता म्हणत होती.

चंद्रशेखररावांनी पुस्तक मिटलं. नानांचा तो मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा त्यांच्यासमोर सारखा येत होता. ऐंशी ओलांडलेल्या म्हाताऱ्याने एक गोष्ट मागितली होती, तीही काही न करण्याची. एवढं साधं काम आपल्याच्याने झालं नाही. त्यांना स्वतःची खरोखर लाज वाटली. सुचित्राला सांगून टाकावं म्हणून ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले, तिथे ती डाळ निवडता निवडता गुणगुणत होती, आणि ते परत आले. बैठकीतून ओसरीवर, ओसरीवरून बैठकीत, असे ते चालत राहिले. शेवटी शेजारच्या रुपीबाईने कुंपणापलीकडून विचारलं, "बाई, तुह्या नवऱ्याले पोटात दुखते का?"

चालता चालता त्यांना विचार सुचला. कढी गेली तर गेली. बाकीच्या खुणा तर आहेत! 'पहिली आवृत्ती' छापलेलं ते पान आहे. त्या पानाचीच जोरदार बाजू मांडायची. आणि सरकारी माणसाच्या मते कागदाला जोर कशाने येतो? शिक्क्याने! त्यांनी पुस्तक पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या दुकानात नेलं, त्या पानाची झेरॉक्स काढली, घरी येऊन ती झेरॉक्स मूळ पानावर बरोबर जुळवून ठेवली आणि ड्रॉवरमधून आपला 'सत्यप्रत' असा रबरी शिक्का काढला. (गल्लीतल्या पोरांच्या मार्कशीटसाठी तो घरी असायचा. नियमात बसत नव्हतं, पण गल्लीत बसायचं.) एकदा झेरॉक्सवर 'सत्यप्रत' उमटलं, खाली सही झाली, की बोधनकर काय, कुणाची बिशाद होती शंका घ्यायची?

त्यांनी शिक्का पॅडवर दाबला. हात वर नेला. तेवढ्यात आतून सुचित्राने विचारलं, "गोळ्यायत हिरवी मिरची टाकू का लाल?" आणि चुलीपाशी उकडत होतं म्हणून दारातून नुसता हात बाहेर काढून तिने बैठकीतल्या पंख्याचं बटण दाबलं.

"हिरवी!" चंद्रशेखरराव म्हणाले, आणि शिक्का हाणला.

शिक्का ठप्प बसला. झेरॉक्स मात्र पंख्याखाली गिरक्या घेत टीव्हीच्या मागे जात होती.

मूळ पानावर, 'पहिली आवृत्ती' या शब्दांच्या बरोबर वर, जांभळ्या शाईत 'सत्यप्रत' उमटलं होतं. तिरकं नाही, पुसट नाही. आयुष्यात इतका स्वच्छ शिक्का त्यांच्या हातून कधी उमटला नव्हता. चंद्रशेखररावांनी हयातभर लोकांना खिडकीतून एकच वाक्य ऐकवलं होतं: "ही सत्यप्रत झाली, मूळ कुठे आहे?" आता त्यांच्या हातात जगातली अशी वस्तू होती, जिचं मूळही तीच आणि सत्यप्रतही तीच.

"काय ठोकून राह्यले?" आतून आवाज आला.

"काही नाही. मच्छर."

रविवारी नाना आधी आले, खांद्याला कापडी पिशवी, अंगात इस्त्रीचा सदरा. त्यांनी पुस्तकाबद्दल चकार शब्द काढला नाही, फक्त जावयाच्या तोंडाकडे बघितलं आणि खुर्चीत बसले. मग बोधनकर आले. चाळिशीतला शांत माणूस, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. आल्या आल्या म्हणाले, "आधी पुस्तक बघू."

"आधी जेवण!" चंद्रशेखरराव इतक्या जोरात म्हणाले की ओसरीवरची चिमणी उडाली. "पानं वाढली आहेत. नाही म्हणायचं नाही."

ताटं आली. कढीत तुरीच्या डाळीचे गोळे वाफाळत होते. चंद्रशेखरराव पाहुण्याला आग्रह करत होते, भात वाढत होते, त्यावर फोडणीचं तेल घालत होते. जेवण संपू नये एवढीच त्यांची देवाला प्रार्थना होती.

"वहिनी, खरं सांगू?" बोधनकर म्हणाले. "मी दारव्ह्याला मुळात कढीसाठीच आलो."

"मले माहीत हाय ना," सुचित्रा खूश होऊन म्हणाली. "यायनं कालच सांगतलं."

"तुम्ही पाहिलीय ना ती?"

"पाह्यली म्हंजे? मीच तर केली!"

बोधनकरांचा घास हातातच राहिला. "तुम्ही केली?"

"मंग कोन करन? यायच्या हातानं तर फाटते."

चंद्रशेखररावांना ठसका लागला. बोधनकरांनी वाटी हळूच खाली ठेवली. "कधी केली?"

"आज सकायीच. कालपरेंत घरात कायची कढी? हे म्हने, कढी नसन तर सायेब येत नाई. म्हटलं, एवढ्यासाठी कायले मानूस वापस पाठवाचा? करून टाकू." मग तिने आदबीने विचारलं, "काहून, जमली नाई काय? मी तर जुन्यावानीच करतो. लोकायले फरक कयत नाई."

"नाना," बोधनकर उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा पडला होता. "आपल्या वयाचा मान ठेवून सांगतो. मी पुष्कळ लबाड्या पाहिल्या. पण घरची बाई ताटावर बसून सांगते की कढी आम्ही आज सकाळी केली, लोकांना फरक कळत नाही, हे मी पहिल्यांदाच पाहतोय."

सुचित्राला काही कळेना. "अवो, कढीत कायची लबाडी? ताक घरचं हाय!"

आपली चूक ती आपली, पण नाना खोटे ठरत होते, सुचित्रा खोटी ठरत होती. त्यांना ते सहन झालं नाही. ते हात न धुताच उठले, डाव्या हाताने कपाट उघडलं, आणि पुस्तक बोधनकरांच्या पुढे ठेवलं.

"हिचा काही दोष नाही साहेब. ती कढी वेगळी, ही कढी वेगळी. पुस्तकात कढी होती. खरोखर होती. मी काल ती दुरुस्त केली. मग दुरुस्ती पुन्हा दुरुस्त केली."

बोधनकरांनी हात धुतले, पुसले, भिंग लावलं. "इथे तर 'कमी' आहे."

"ते पुढच्या पानावरचं आहे."

बोधनकरांनी पान उचलून भोकातून आरपार बघितलं. मग पुस्तक सुरुवातीला उघडलं. जांभळा शिक्का बघून त्यांनी भिंग डोळ्यावरून खाली सोडलं.

"गावंडेसाहेब, ही सत्यप्रत झाली," ते शेवटी म्हणाले. "मूळ कुठे आहे?"

चंद्रशेखररावांनी खाली बघितलं. "नाना," ते म्हणाले, "मी तुमचं नाव घालवलं. तुम्ही म्हणाला होता काही करू नका. मला ते जमत नाही हो. मी खूप प्रयत्न केला."

नानांनी शांतपणे कढीचा शेवटचा भुरका मारला. मिशी पुसली. मग कापडी पिशवी मांडीवर घेतली, तिच्यातून उपरणं काढलं, उपरण्यातून प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीतून 'मधल्या दाराची कडी'. कोरी, करकरीत. दुसरा अंक उघडून त्यांनी बोधनकरांपुढे धरला.

"आधी कढी लाव, मग बोल!" बोधनकरांनी मोठ्याने वाचलं, आणि धपकन खाली बसले.

"मूळ हे हाय," नाना म्हणाले. "त्या काळी नाटकाची परवानगी पाह्यजे असन तर जितके पात्र तितके पुस्तकं इकत घ्या लागत. आमी घेतले. मह्यापाशी दोन राह्यले. एक हे, अन् एक ते."

चंद्रशेखरराव बघतच राहिले. "पण नाना, मग मला... तुम्ही त्या पुस्तकावरून हात फिरवला होता! डोळे मिटले होते!"

"तो अभिनय होता."

"पण द्यायचंच कशाला मग?"

उत्तर सुचित्राने दिलं. "मीच सांगतलं होतं नानाले. पोया करतानी लेकरू चुलीपाशी लुडबुड कराले लागलं का मंग आपन त्याच्या हाती कणकीचा गोया देतो का नाई खेळाले? तसं. नाईतर तुमी बाभुळगावले जाऊन तेच दुरुस्त केलं असतं."

चंद्रशेखररावांना वाईट वाटलं. इतकी वर्षं संसार करून आपल्या हातात बायको कणकीचा गोळा देते! पण त्याच वेळी छातीवरचं ओझंही उतरलं होतं, त्यामुळे नक्की रागवावं की हसावं ते त्यांना ठरवता येईना. म्हणून त्यांनी बोधनकरांना आणखी भात वाढला. या वेळी बोधनकरांनी कढी दोनदा मागून घेतली, आणि निघताना म्हणाले, "हे भोकाचं पुस्तकही न्यायचं म्हणतो. चालेल?"

यवतमाळला प्रदर्शन भरलं तेव्हा तिघंही गेले. मधल्या पेटीत नानांचं पुस्तक होतं, खाली स्वच्छ अक्षरांत नानांचं पूर्ण नाव आणि बाभुळगाव. नाना ते वाचत उभे राहिले. चष्मा काढून पुसला, लावला, पुन्हा वाचलं. कुठली बाजू दुमडलेली नाही, एवढं त्यांनी बोट फिरवून बघितलं. मग त्यांनी जावयाचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. या वेळी अभिनय नव्हता.

शेवटच्या पेटीवर पाटी होती: 'पुस्तकांचे काय करू नये'. आत दुसरं पुस्तक उघडून ठेवलं होतं, बाजूला शिक्क्याच्या पानाचा मोठा फोटो. गर्दी सगळ्यात जास्त तिथे होती. लोक भोकातून 'म' बघत होते आणि पोट धरून हसत होते. चंद्रशेखरराव थोडे शरमले, पण काही झालं तरी आपलं नाव काचेखाली छापलं गेलंय, या विचाराने वाट काढत पुढे गेले. कार्डावर लिहिलं होतं:

'सौजन्य : श्री. चंद्रशेखर गाढवे, दारव्हा.'

त्यांचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला. पेटीचं झाकण अर्धवट उघडंच होतं. ते वाकले, पेनाचं टोपण काढलं, आणि सुचित्राने त्यांचं मनगट धरलं.

"हात लावू नका."

"अगं, पण चूक आहे ना ती! गावंडेचं गाढवे केलंय!"

"चूक हाय म्हनूनच तर," ती म्हणाली. "राहू द्या तशीच. पहिली आवृत्ती हाय तुमची. सुधरवली का किंमत गेली."